मे महिन्याचा पॉट, मचूळ विहीर आणि मिठाचं कोडं

सुरंगी

मंडळी, सध्या माहेरी आहे, वेंगुर्ल्याजवळ. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. सुट्टीमुळे घरात चौदा माणसं आहेत आणि स्वयंपाकघर दिवसभर चालू.

परवा माळ्यावरून आईस्क्रीमचा जुना लाकडी पॉट खाली काढला. हापूसचा रस, आटवलेलं दूध आणि साखर डब्यात भरली. भोवती बर्फाचे तुकडे आणि जाडं मीठ थरावर थर देऊन दांडा फिरवायला घेतला. भाचा सातवीत गेलाय. तो म्हणाला, "आत्या, मीठ टाकलं की बर्फ भराभर वितळतो. आपल्याला तर आईस्क्रीम गोठवायचंय. मग बर्फ वितळवायचा कशाला?" मी लहानपणापासून हा पॉट फिरवत आलेय, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. त्याला धड उत्तर देता आलं नाही, याची रुखरुख लागून राहिलीय.

दुसरा विषय डाळीचा. आमच्या विहिरीचं पाणी एप्रिल सरता सरता मचूळ होतं. एरवी तीन शिट्ट्यांत शिजणारी तूरडाळ आता सहा-सात शिट्ट्या घेते, आणि वाल तर तरीही दाताखाली येतात. दादा म्हणतो, खारं पाणी उशिरा उकळतं म्हणून असं होतं. आईचंही तेच: "मीठ आदी घालू नको गो, पाणी उकळाक येळ लागता." वहिनीचं मत बरोब्बर उलट. तिने उकळीला आलेल्या पाण्यात चमचाभर मीठ टाकून दाखवलं आणि पाणी भसकन वर आलं. म्हणजे मिठाने पाणी लवकर उकळतं, असं ती म्हणते.

पाकासाठी आणलेला डिजिटल थर्मामीटर घरात होता, त्यावर मोजलं. पलीकडच्या वाडीतून आणलेलं गोडं पाणी एक लिटर: ९९.६ अंशाला उकळलं. त्यात १० ग्रॅम मीठ (वजनकाट्यावर मोजून): ९९.८. पॉटातल्या बर्फ-मिठात वीस मिनिटांनी कांडी घातली तर आकडा आला उणे १३!

तेच मीठ उकळीच्या बाजूला ०.२ अंश सरकवतं आणि बर्फाच्या बाजूला तेरा अंश खाली नेतं? कोणी नीट समजावून सांगेल का? भाच्याला सांगता येईल असं हवंय.

कुळीथपिठी

छान धागा. आमच्याकडेही मीठ टाकल्यावर पाणी उसळतं, आणि मीही ते लवकर उकळतं असंच धरून चालले होते. वाचतेय.

लादीवाला

सुरंगीताई, माझी उमेदीची वर्षं रत्नागिरीत बर्फाच्या कारखान्यात गेली. पुस्तकातलं कारण सर लोक सांगतील, मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

लोकांना वाटतं की कारखान्यात मोठा फ्रीज असतो आणि त्यात लाद्या होतात. तसं नसतं. जमिनीत भली मोठी टाकी असते, तिच्यात मिठाचं कडक पाणी. आम्ही त्याला ब्राईन म्हणायचो. अमोनियाच्या नळ्या या पाण्याला उणे दहाच्या आसपास थंड करतात. साधं पाणी असतं तर नळ्यांभोवती गोठून टाकीच जाम झाली असती. मिठामुळे ते उणे दहालाही पातळ राहतं आणि पंख्याने फिरवता येतं. या पाण्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे गळ्यापर्यंत बुडवून ठेवायचे. बाहेरचं खारं पाणी वाहतंच राहतं आणि आतलं गोडं पाणी गोठतं. मोठ्या लादीला दीड-दोन दिवस लागतात. मग कॅन उचलून साध्या पाण्यात बुडवला की कडा सुटतात आणि लादी घसरून बाहेर येते.

तुमचा पॉट म्हणजे हाच कारखाना, हाताने फिरवायचा.

आणखी एक गोष्ट. लादी नीट पाहा. कडेला काचेसारखी नितळ असते आणि मधोमध पांढरी. बर्फ गोठताना फक्त पाण्याला आपल्यात घेतो. हवा, क्षार, जे काही पाण्यात असेल ते पुढे ढकलत नेतो. सगळं शेवटी मधे साठतं. म्हणून मधला भाग चाखलात तर थोडी वेगळी चव लागते. बर्फाला मीठ नको असतं, एवढं मी नोकरीत शिकलो.

प्रयोगवही

लादीवाल्यांच्या शेवटच्या वाक्यात निम्मं उत्तर आलं आहे. मी बरीच वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. सुरंगी, भाच्याला असं सांगून बघ.

बर्फाचा तुकडा पाण्यात पडलाय. त्याच्या कडेला पाण्याच्या रेणूंची सारखी ये-जा चालू असते. काही रेणू बर्फातून सुटून पाण्यात येतात, काही पाण्यातून जाऊन बर्फाला चिकटतात. शून्य अंशाला दोन्ही सारख्याच वेगाने चालतं, म्हणून बर्फ वाढतही नाही आणि घटतही नाही. आता पाण्यात मीठ घाल. मिठाचे सोडियम आणि क्लोरीन हे घटक सुटे होऊन पाण्यात पसरतात. बर्फ त्यांना आत घेत नाही. पण त्यांनी पाण्यातली जागा अडवली, त्यामुळे बर्फाकडे परतणारे पाण्याचे रेणू कमी झाले. सुटणारे मात्र पूर्वीइतकेच आहेत. बर्फ वितळायला लागतो.

आता भाच्याचा खरा प्रश्न. वितळायला उष्णता लागते. एक ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं, म्हणजे ही मागणी लहान नाही. ती उष्णता आणायची कुठून? बाहेरचं लाकूड उष्णता फारशी आत येऊ देत नाही. मग बर्फ ती स्वतःतून, खाऱ्या पाण्यातून आणि डब्यातल्या आंब्याच्या रसातून ओढतो. म्हणून सगळंच थंड होत जातं. बर्फ वितळतो म्हणूनच आईस्क्रीम गोठतं. मीठ नसतं तर बर्फ शून्याला स्वस्थ बसला असता.

हे थंड होणं कुठवर चालतं? साध्या मिठाची हद्द उणे २१.१ अंश. त्या वेळी द्रावणात वजनाने सुमारे २३ टक्के मीठ असतं. त्याखाली मीठ आणि बर्फ दोन्ही एकदमच घट्ट होतात. घरच्या पॉटात इतकं खाली जाता येत नाही, कारण बाहेरून थोडी उष्णता येतच असते आणि मीठ सगळीकडे सारखं मिसळत नाही. तुझा उणे १३ हा उत्तम आकडा आहे.

कुळीथपिठी

सर, मग नुसता बर्फच भरपूर वापरला तर? थोडं हळू झालं तरी चालेल.

प्रयोगवही

रात्रभर फिरवलंत तरी होणार नाही. आईस्क्रीमच्या मिश्रणात साखर आहे, आणि मीठ पाण्याला जे करतं तेच साखरही करते. ते मिश्रण गोठायलाच लागतं उणे दोन-तीन अंशांच्या आसपास. शून्य अंशाचा बर्फ त्याला तिथवर नेऊ शकत नाही. त्याहून थंड काहीतरी भोवती हवंच, आणि मे महिन्यात कोकणात ते बनवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे बर्फ आणि मीठ.

साखर मिठापेक्षा बरीच कमजोर आहे, कारण इथे वजनाला महत्त्व नाही, कणांच्या संख्येला आहे. ५८ ग्रॅम मिठातून जेवढे सुटे कण मिळतात तेवढे मिळवायला सुमारे ६८५ ग्रॅम साखर लागेल. एक तर साखरेचा रेणू जड, त्यात तो मिठासारखा दोन तुकड्यांत सुटत नाही. गोठण्याचं तापमान विरघळलेल्या पदार्थाच्या प्रमाणात खाली जातं, हे चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी १७८८ मध्येच दाखवलं होतं. कणांच्या संख्येचा उलगडा व्हायला मात्र पुढची शंभर वर्षं जावी लागली.

तांडेल

आमच्या बोटीवरचा प्रश्न विचारतो. मासळीच्या पेटीत बर्फ जास्त थंड व्हावा म्हणून काही जण वरून मीठ भुरभुरवतात. बरोबर आहे का?

लादीवाला

तांडेलदादा, करू नका. माशाच्या अंगातलं पाणीही थोडं खारंच असतं, ते उणे एक-दोन अंशाला गोठायला लागतं. मीठ घातलेला बर्फ त्याच्याही खाली जातो. मग माशाच्या कडा अर्धवट गोठतात, आत बर्फाचे खडे होऊन मांस फाटतं, आणि मासा सुटला की लिबलिबीत होतो. पापलेटला तर भावच मिळत नाही. बारीक फोडलेला बर्फ आणि थोडं स्वच्छ समुद्राचं पाणी असा काला करून मासळी त्यात ठेवा. तो शून्याच्या किंचित खाली राहतो आणि माशाला सगळीकडून भिडतो. लादीच्या मोठ्या तुकड्यांत हवेच्या फटी राहतात, तिथेच मासा आधी बिघडतो.

तांडेल

पटलं. आमचे वडीलही समुद्राचं पाणी घालायचे. मला वाटायचं बर्फ वाचवायला घालतात.

सुरंगी

भाच्याने सरांचा प्रतिसाद दोनदा वाचून घेतला. "म्हणजे बर्फ उष्णता खातो," असं म्हणाला. उकळीचं मात्र राहिलंय, सर. तिथे फरक इतका थोडा का?

प्रयोगवही

दोन कारणं आहेत.

पहिलं, तू दोन्हीकडे सारखं मीठ घातलेलं नाहीस. पातेल्यात लिटरमागे १० ग्रॅम, आणि पॉटात बर्फाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतकं. आधी सारख्या मिठाचा हिशेब करू. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम मीठ: उत्कलनबिंदू चढतो सुमारे ०.१७ अंश, गोठणबिंदू उतरतो सुमारे ०.६ अंश. तुझ्या थर्मामीटरने ०.२ दाखवलं, म्हणजे चांगलंच मोजलंस.

दुसरं, सारख्या मिठालाही गोठण्याच्या बाजूचा फरक साडेतीन पटींहून जास्त आहे. बर्फ वितळायला ग्रॅममागे ८० कॅलरी लागतात, तर पाण्याची वाफ व्हायला जवळपास ५४०. ज्या बदलाला इतकी जास्त उष्णता लागते, त्याचं तापमान मिठाच्या ढकलण्याने कमी हलतं.

आईचं म्हणणं तत्त्वतः खरं आहे. मिठाने पाणी थोडं उशिराच उकळतं. पण ३० अंशाचं लिटरभर पाणी उकळायला सात मिनिटं लागत असतील, तर १० ग्रॅम मिठाने त्यात जेमतेम एका सेकंदाची भर पडते. वहिनीने जे पाहिलं तेही खरं. उकळीला टेकलेल्या पाण्यात मिठाचे खडबडीत दाणे पडले की त्यांच्या कडांवर बुडबुडे धरायला जागा मिळते, आणि अडून बसलेली वाफ एकदम सुटते. साखर किंवा तांदूळ टाकलेत तरी पाणी तसंच उसळेल. त्याने तापमान वाढत नाही, उलट क्षणभर किंचित उतरतं.

आता ताळ्यासाठी दुसरे आकडे बघ. समुद्राचं पाणी, लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षारांचं, १००.६ च्या आसपास उकळतं. आणखी विरघळणार नाही इतकं मीठ घातलं तर सुमारे १०९. याउलट आंबोलीला जा. साधारण ७०० मीटर उंचीवर साधं पाणी ९८ च्याही खाली उकळतं. घाट चढल्याने जो फरक पडतो, त्याची भरपाई करायला डाळीत इतकं मीठ घालावं लागेल की ती कोणी तोंडात घेणार नाही. फार कशाला, डिसेंबरात हवेचा दाब जास्त आणि जूनमध्ये कमी असतो. त्यामुळे वेंगुर्ल्यातल्या त्याच पातेल्यात उत्कलनबिंदू पाव अंशाने हलतो. तुझं गोडं पाणी बरोब्बर १०० ला न उकळता ९९.६ ला उकळलं, त्यात या दाबाचाही वाटा असणार.

आगरातली

मी उरणकडची. आमच्या घराण्याचं मिठागर होतं. हा धागा वाचताना लहानपणीच्या कितीतरी गोष्टी जुळल्या, म्हणून लिहिते.

भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, आत घेऊन एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवतात. पहिल्या वाफ्यांत पाणी झपाझप कमी होतं. मीठ धरायची वेळ येते तेव्हा मूळच्या पाण्याचा दहावा हिस्सासुद्धा उरलेला नसतो. आणि तिथेच पाणी आटायचं मंदावतं! ऊन तेच, वारा तोच, पण शेवटच्या वाफ्यांत दिवसच्या दिवस जातात. आजोबा म्हणायचे, "मीठ पाण्याला सोडत नाही." मला ते नुसतं बोलणं वाटायचं.

सर, हे तुमच्या उकळीच्या गोष्टीसारखंच आहे ना?

प्रयोगवही

अगदी तेच आहे, आणि हे उदाहरण मला शिकवताना सुचलं नाही याची खंत वाटते. आजोबांचं वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहिलं असतं.

मिठामुळे पाण्याचा बाहेर पडायचा कल कमी होतो. वाफ होऊन हवेत जायचं असो की बर्फाला चिकटायचं असो, दोन्हीकडे जाणारे रेणू घटतात. म्हणून उकळायला जास्त तापवावं लागतं आणि गोठवायला जास्त थंड करावं लागतं. मिठागरात पाणी उकळत नाही, पण तिथेही त्याला हवेत जायचंच असतं. संपृक्त, म्हणजे आणखी मीठ विरघळणार नाही अशा खाऱ्या पाण्याचा बाष्पदाब (वाफ होऊन निसटायचा जोर) गोड्या पाण्याच्या सुमारे पाऊणपटच राहतो. याचा अर्थ असा की हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की पाणी आणि हवा सारख्याच तापमानाला असताना ते पाणी आटतच नाही. दुपारच्या उन्हात पाणी हवेपेक्षा तापतं म्हणून काम पुढे सरकतं. रात्री दमट वारा सुटला की थांबतं.

आगरातली

म्हणूनच पावसाळ्याआधी मिठाच्या राशी गवताने शाकारायची घाई असायची! आणि घरात जूनपासून मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तेही यामुळेच?

प्रयोगवही

हो, तीच ७५ टक्क्यांची रेषा. कोकणात पावसाळ्यात हवा तिच्या बरीच वर असते. मग उलटा प्रवास सुरू होतो आणि मीठ हवेतलं पाणी आपल्याकडे ओढून पाघळतं. बाजारच्या जाड्या मिठात थोडं मॅग्नेशियमही असतं, ते त्याहून कमी दमटपणातही पाणी धरतं, म्हणून ते आधी ओलं होतं. मिठातली कैरी वर्षभर टिकते तीही याच कारणाने. कैरीत पाणी असतं, पण बुरशीला आणि जंतूंना ते मिठाच्या तावडीतून काढून घेता येत नाही.

खाडीपलीकडे

शिरोड्याच्या मिठागरात १९३० साली सत्याग्रह झाला, तो मे महिन्यात. पावसाच्या तोंडावर. या चर्चेमुळे त्या महिन्याचा अर्थ आणखी कळला. रास तयार असते आणि आभाळ भरून येत असतं.

माझा भाऊ कॅनडात असतो. तिथे रस्त्यावरच्या बर्फावर मीठ टाकतात, पण थंडी फार वाढली की ते चालत नाही असं तो सांगतो. उणे २१ ची हद्द वाचून उलगडा झाला.

प्रयोगवही

बरोबर. हद्द उणे २१ ची असली तरी त्याच्या बऱ्याच आधीपासून मीठ फार हळू काम करतं. तिथे कॅल्शियम क्लोराईड वापरतात, त्याची हद्द उणे ५० च्या आसपास जाते.

सुरंगी

सर, मग आमच्या विहिरीचं काय? मचूळ पाण्यात लिटरला दोन-तीन ग्रॅमच मीठ असेल. तुमच्या हिशेबाने उकळीत ०.०५ अंशाचा फरक. तेवढ्याने डाळ शिजायची थांबणार नाही.

प्रयोगवही

शाब्बास, हा हिशेब तूच केलास. डाळ उकळीमुळे अडत नाही. विहिरीत समुद्राचं पाणी झिरपतं तेव्हा त्याबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम येतात. डाळीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन त्यांच्यामुळे आणखी घट्ट होतं आणि दाणा फुटत नाही. साध्या मिठाचा तसा त्रास नाही. डाळीत आमसूल शेवटी घालतो त्याचं कारण मात्र खरं आहे, आंबटपणानेही दाणा कडक राहतो. चिमूटभर खायचा सोडा घालून बघ. आणि या पाण्यात साबणाला फेस येतो का, तेही सांग.

सुरंगी

तीन दिवसांनी लिहितेय, कारण सगळं करून बघितलं.

साबणाला फेस येतच नाही, नुसता पांढरा साका बसतो. आई म्हणाली, दरवर्षी मे महिन्यात असंच होतं.

डाळ चार भांड्यांत, झाकण न लावता, प्रत्येकी शंभर ग्रॅम, सगळी एक तास भिजवलेली. एकात वाडीवरचं गोडं पाणी. दुसऱ्यात तेच पाणी आणि लिटरला तीन ग्रॅम मीठ. तिसऱ्यात आमच्या विहिरीचं. चौथ्यात विहिरीचं पाणी आणि चिमूटभर सोडा. चारही भांडी ९९.६ ते ९९.७ ला उकळत होती. पहिली दोन पाऊण तासात मऊ झाली, मीठ घातलेलीही. विहिरीच्या पाण्यातले दाणे सव्वा तासानंतरही अख्खे होते. सोड्याचं भांडं तासाभरात शिजलं, रंग जरा गडद आला आणि चवीला किंचित सपक लागलं. आता डाळीपुरतं पाणी वाडीवरून आणायचं ठरलंय. रोज दोन कळश्या दादा आणणार.

आईने मिठाच्या भांड्यातली डाळ बोटांनी चेपून पाहिली. म्हणाली, "ह्यां शिजलां." तरी काल तिने मीठ शेवटीच घातलं. इतक्या वर्षांचा हात आहे तो, मी काही बोलले नाही.

कुळीथपिठी

किती मनापासून केलंस गं. माझ्या सासरीही मचूळ पाण्याचा हाच त्रास आहे, उद्याच साबण लावून बघते. आईस्क्रीमचं मात्र एक राहिलं: शेवटी पॉटात जे खारं पाणी साठतं, ते कुठे ओततेस?

सुरंगी

आधी एक सांगते. बादलीला डब्याच्या झाकणाखाली एक भोक असतं, ते मोकळं ठेवायचं. आमचं एकदा मिठाने बुजलं होतं, पाणी झाकणावर चढलं आणि सगळा हापूस खारट झाला. आणि बर्फात हात घालू नका, लहानांना तर मुळीच देऊ नका. उणे तेराला कातडी भाजल्यासारखी होते.

पाणी आई मागच्या माडाच्या आळ्यात ओतायला लावते. माडाला मीठ मानवतं, आमच्याकडे आळ्यात मीठ घालतातच. कलमांच्या मुळाशी ती ते जाऊ देत नाही, आणि विहिरीकडे तर नाहीच.